बाबांच्या किल्ल्या

स्पीकर निवडायला जाताना बाबांनी सोबत गाणी घेतली नाहीत, किल्ल्या घेतल्या. म्हणजे किल्ल्यांचा आवाज. उभा जन्म ध्वनिमुद्रक म्हणून स्टुडिओत काढलेला माणूस. तरुणपणी कधीतरी किल्ल्यांचा जुडगा माइकपुढे हलवून त्यांनी तो आवाज टिपून ठेवला होता. "गाणं लबाड असतं," ते म्हणायचे, "भिकार स्पीकरवरही गोड लागतं. किल्ल्या खोटं बोलत नाहीत."

निवृत्तीनंतर ते अगदी मिटून गेले होते, म्हणून मुलाने घरातली मागची खोली त्यांना गाणी ऐकायला करून दिली. उरले होते फक्त स्पीकर.

दुकानातल्या ऐकायच्या खोलीत भिंतींना जाड कापड लावलेलं, पायाखाली गालिचा. सून लेकीला मांडीवर घेऊन कडेला बसली, तिचा नवरा दाराशी उभा राहिला. पहिल्या जोडीतून किल्ल्या वाजल्या आणि तिचा हात आपसूक पर्सकडे गेला, इतक्या खऱ्या. लेकही मान वळवून शोधायला लागली.

"छे!" बाबा म्हणाले. "किल्ल्या कुठायत? कोणीतरी ओली चादर झटकतंय."

दुसरी जोडी लागली. "पोत्यात घालून आणल्यात."

तिसरी. "याला सर्दी झालीय."

दुकानदार आधी हसत होता, मग हसेनासा झाला. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि तिने नजर खाली वळवली.

तिच्या मनात पाल चुकचुकत होती ती आजची नव्हे. मागे लेकीला ताप आला तेव्हा बाबा तिच्या काखेत थर्मामीटर धरून कितीतरी वेळ बसले होते. "बिघडलाय गं हा, वाजतच नाही," ते म्हणाले. तो वाजलेला तिने स्वयंपाकघरातून ऐकला होता. तेव्हा तिने ते सोडून दिलं. पण सोमवारपासून तिला पुन्हा कामावर जायचं होतं, आणि दिवसभर लेक बाबांपाशी राहणार होती. बारीक आवाजात कण्हली, पलीकडच्या खोलीत घुसमटली, तर?

"एक जोडी आहे," दुकानदार चाचरत म्हणाला, "पण ती फार टोकदार वाजते. लोक परत आणून देतात."

"लावा."

किल्ल्या वाजल्या त्या दातांतून सुई फिरवल्यासारख्या. सुनेने डोळे मिटले. लेकीने एवढा टाहो फोडला की नवऱ्याने तिला उचलून दाराबाहेर पळवलं.

"आल्या!" बाबा खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. डोळ्यांत पाणी. "आल्या बघ किल्ल्या! अगं, एकेक किल्ली सुटी मोजून घे!"

तिने बाहेर जाऊन नवऱ्याला गाठलं. "तू सांग. वडील तुझे आहेत."

"मी? लहानपणी मी गुणगुणलो तरी खोलीबाहेर काढायचे मला. तूच सांग, तुझं ऐकतात ते."

"ऐकतात?" ती म्हणाली. मग दोघंही लेकीच्या पाठीवर थोपटत उभी राहिली, जणू रडतेय तीच एकटी.

आत येऊन तिने हिय्या केला. "बाबा, मला पहिली जोडी बरी वाटली. ही जरा कानाला लागते."

"तुझा दोष नाही गं बाई," बाबा मायेने म्हणाले. "दिवसभर मिक्सर आणि वॉशिंग मशीन. कान तयार व्हायला जन्म जातो. आणि साठीनंतर भल्याभल्यांचे कान उतरतात. माझ्याबरोबरचे सगळे गेले बघ कामातून. माझे तेवढे शाबूत राहिलेत."

तेवढेच राहिलेत, हे त्यांनी म्हटलं नाही. तिला मात्र ते ऐकू आलं, आणि तोंडाशी आलेलं वाक्य तिने गिळलं. स्पीकर घरी आले.

बाबांनी स्वतः ते खुर्चीकडे वळवून लावले, सुतळी धरून दोन्ही बाजूंचं अंतर जुळवलं. किल्ल्या वाजायच्या तेव्हा सून लेकीला घेऊन पार बाल्कनीच्या टोकाला जायची. आवाज थांबला की परत यायची. असे दोन दिवस गेले. नवरा म्हणाला, "सवय होईल." कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

रविवारी दुपारी किल्ल्या थांबल्यावर ती परत आली. लेक हातातून निसटून रांगत बाबांच्या खुर्चीमागे पोचली. तिच्या मुठीत घराच्या किल्ल्या होत्या. पर्समधून कधी काढल्या कोण जाणे. ती बसून त्या जोरजोरात हलवायला लागली. छन्न, छन्न, छन्न.

बाबा डोळे मिटून बसले होते. "ऐकलंस?" ते म्हणाले. "आवाज थांबल्यावर खोली कशी शांत होते. चांगल्या खोलीची ही खूण."

ती दारातच खिळली. पुढे व्हावं, किल्ल्या काढून घ्याव्यात, असं वाटत राहिलं आणि पाय उचलला नाही.

बाबांनी डोळे उघडले, सहज मागे वळून पाहिलं. लेकीची मूठ वर, खाली. किल्ल्या एकमेकींवर आपटत होत्या. ते बघतच राहिले. मग वाकून त्यांनी तो जुडगा घेतला, कानाशी नेऊन हलवला. पुन्हा हलवला.

"घराच्या ना गं या?"

"हो, बाबा."

"किती गलका करते पोरगी," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. "घे. हरवून टाकेल."

तिने किल्ल्या घेतल्या, त्या वाजू नयेत म्हणून मुठीत गच्च आवळून. बाबांनी पुढे होऊन स्पीकर पुन्हा सुरू केले. लेक किंचाळली. सुनेने तिला छातीशी घेतलं, बाहेर येऊन दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. उद्या सोमवार.