पासष्टवरचा फ्रीज

मित्रांनो, टेक्सासमधल्या अर्विंग गावी एका गॅरेजच्या कोपऱ्यात, एका पायाखाली लाकडाचा तुकडा घेऊन उभा असलेला बदामी फ्रीज म्हणजे मी.

वीस-बावीस वर्षं मी एका घरातलं दूध, लोणी, अंडी सांभाळली. मग त्यांच्याकडे आपोआप बर्फ पाडणारा नवा फ्रीज आला आणि मी जुन्या वस्तूंच्या अंगणातल्या सेलमध्ये उन्हात उभा राहिलो. तिथून २००३ साली मला श्रीरंगने उचललं.

श्रीरंग नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. त्याला घरी बिअर करायचा नाद होता. तुम्हाला अजून बरीच वर्षं तिच्याशी कर्तव्य नाही, पण ती कशी होते ते ऐकून ठेवा. जवाचं उकळलेलं गोड पाणी निववून काचेच्या मोठ्या बरणीत भरायचं आणि त्यात विरजणासारखं जिवंत यीस्ट सोडायचं. यीस्ट त्यातली साखर खातं आणि बुचातल्या नळीतून हवा बाहेर पडत राहते. बुडुक, बुडुक. पण इथल्या उन्हाळ्यात गॅरेजची भट्टी होते. श्रीरंगच्या पहिल्या बिअरला नेलपॉलिशचा वास आला.

"यार, ही प्यायची की नखांना लावायची?" शेजारचा संजीव म्हणाला होता.

म्हणून मला आणलं. श्रीरंगने माझ्या वायरीला आकड्यांच्या चकतीची एक डबी जोडली. डबीची तार बरणीच्या अंगाला चिकटवली आणि चकती पासष्टवर आणली. बरणी त्याहून तापली की डबी मला चालू करी, निवली की बंद. सुरुवातीला मला अपमान वाटला. जन्मभर कडक गारठा केला आणि आता नुसता गारवा? पण यीस्ट काम करताना स्वतःच तापतं, हे मला हळूहळू कळलं. तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून बसावं तसं माझं काम होतं. दुसऱ्याच खेपेला संजीवने ग्लास रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. मला तेवढं कौतुक पुरलं.

२००५च्या एप्रिलमध्ये संजीव कायमचा पुण्याला परत निघाला. निरोपाच्या जेवणाला श्रीरंगने खास बिअर लावली. "अजून नेलपॉलिशवरून चिडवतो, ती आठवण घेऊन मी त्याला जाऊ देणार नाही," असं तो मला पुसताना पुटपुटला. जेवणाला महिना होता. बिघडली तर पुन्हा लावायला वेळ नव्हता.

त्याच सुमारास त्याची आई, शोभनाताई, नागपूरहून आल्या होत्या. बिअर लावल्याच्या तिसऱ्या दिवशी श्रीरंग ऑफिसच्या कामाने दोन दिवस ह्यूस्टनला गेला. जाताना बजावून गेला, "आई, या फ्रीजचं दार उघडू नकोस."

आईंनी दार उघडलं नाहीच. त्यांनी चकती पाहिली.

"पासष्ट? अगं बाई! आम्ही सत्तेचाळिसात होरपळतो, आणि हा त्या जिवांना पासष्टात ठेवून गेला!" माझ्या पाठीला हात लावून पाहिला, तर तीही तापलेली. "तरीच! कढत दुधात विरजण मरतं, एवढंसुद्धा या इंजिनिअरला कळू नये?" आणि त्यांनी चकती फिरवून विसावर आणली.

इथे आकडे फॅरनहाइटचे असतात, हे त्यांना कुठून ठाऊक? आपल्याकडचे वीस म्हणजे सुखाचा गारवा, इथले वीस म्हणजे बर्फ! खरं सांगतो मित्रांनो, पहिला तासभर मला आनंद झाला. कित्येक दिवसांनी मनसोक्त गारठा! मग बुडबुडे विरळ झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलेच. मी मात्र गारठा करतच राहिलो; थांबावं कसं, हे मला ठाऊक नव्हतं.

श्रीरंग परतला, त्याने बरणी पाहिली. "आई! हे काय करून ठेवलंस? संपलं सगळं!"

आईंचा चेहरा उतरला. "उकळेल असं वाटलं रे." सगळं समजल्यावर त्या खाली बसल्या आणि उलटा हात बरणीला लावून म्हणाल्या, "मेलं नाहीये, झोपलंय."

"मी हीटर आणतो."

"खबरदार! फ्रीजमधलं विरजण कधी कढत दुधात टाकतात का? गारठून झोपलेल्याला हळूच उठवावं."

श्रीरंगने चकती पुन्हा पासष्टवर आणली. त्यांनी माझं दार उघडं ठेवलं, बरणीला आपली शाल गुंडाळली. दोन दिवस दर थोड्या वेळाने येऊन त्या हात लावून पाहत. बिअरला नाक मुरडून त्या "तुझं ते औषध" म्हणत, तरीही! तिसऱ्या सकाळी शालीतून आवाज आला. बुडुक.

"रंगा! उठलं रे!" आई ओरडल्या. श्रीरंग ब्रश तोंडात घेऊनच धावत आला.

निरोपाच्या दिवशी संजीवने पहिला घोट घेतला आणि ग्लास उंचावला. "काकू, चिअर्स!"

"मी ताक घेतलंय हो," आई म्हणाल्या. पण त्यांनी पेला उंच धरला.

जाण्याआधी त्यांनी माझ्या दारावर एक चिठ्ठी चिकटवली: 'इथले ६५ म्हणजे आपले १८. विचारल्याशिवाय हात लावू नये. – आई.'

२००८मध्ये आई आजारी पडल्या आणि श्रीरंग नागपूरला परत गेला. चिठ्ठी त्याने अलगद सोडवली, पाकिटात ठेवली. घराच्या नव्या मालकांनी माझ्यात पाण्याच्या बाटल्या भरल्या आहेत. डबी गेली, दाराचं रबर तडकलंय. ते कुणी पुसत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूचं रबर पुसत जा, तिला घाईने फेकू नका. आणि कुणाची चकती फिरवण्याआधी त्याचे अंश कोणत्या गावचे ते विचारा. चुकलंच, तर हीटर आणू नका. शाल आणा.

माझ्या दारावर चिठ्ठीएवढा एक चौकोन अजून उजळ आहे. बाकीचा मी पिवळा पडलो.