कोरड्या टाकीचा कूलर

मित्रांनो, मनीषनगरातल्या एका फ्लॅटच्या गॅलरीत गंजत उभा असलेला मी एक जुना कूलर आहे. थंड हवा देणं एवढंच माझं काम. माणसांकडे मात्र 'थंड' या एका शब्दाचे फार प्रकार असतात. थंड डोकं, थंड स्वभाव, थंड बोलणं. मला त्यातला हवेचाच तेवढा ठाऊक होता. बाकीचे मी या घरात शिकलो, आणि शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

माझे मालक नत्थूजी यांच्या सांगण्यावरून इतवारी बाजारातल्या एका कारागिराने पत्रा ठोकून मला घडवलं. त्यांची बायको देवकी त्या उन्हाळ्यात बाळंतीण होती. तान्हा जितेंद्र माझ्या वाऱ्यात गाढ झोपायचा. होळी झाली की नत्थूजी मला पुसायचे, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या लावायचे, आणि पाणी पडताच खसाचा वास घरभर दरवळायचा. शेजारचे मारोतराव दुपारी मुद्दाम येऊन बसत आणि म्हणत, "तुमच्या घरी तर चिखलदरा हाय गा, नत्थूजी!" मग मी फुशारकीने जास्तच घरघरायचो.

पुढे देवकीबाई गेल्या. जितेंद्रने हा फ्लॅट घेतला, आपल्या खोलीत एसी बसवला आणि मी वडिलांच्या खिडकीबाहेर आलो. मुला-सुनेच्या खोलीत पाऊल टाकायला नत्थूजींना संकोच वाटे. जितेंद्र वाईट मुलगा नव्हे. त्याने वडिलांवर कधी आवाज चढवला नाही. पण "हो", "बघतो", "करतो" यापलीकडे तो त्यांच्याशी बोलतही नसे. कडाक्याचं भांडण झालं असतं तरी मला आवडलं असतं. डावा हात लुळा पडल्यापासून नत्थूजींना बादली उचलवत नव्हती. म्हणून माझी टाकी नळाला पाइप लावून भरायची, आणि ते काम जितेंद्रचं होतं.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला होता. सून मुलांना घेऊन सावनेरला माहेरी गेली होती. एका सकाळी गाडी धुवायला जितेंद्रने पाइप खाली नेला आणि तिथेच विसरून तो ऑफिसला निघून गेला. दुपारी माझी टाकी कोरडी ठणठणीत झाली. नत्थूजींनी फोन लावला. आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"जितू, कूलरात पाणी नाही गा. पाइप कुठं ठेवला तू?"

"बाबा, मी मीटिंगमधे आहो. आलो का भरून देतो."

"लय गरम होऊन राह्यलं रे."

"डोकं थंड ठेवा नं जरा. ठेवतो."

त्यांनी पेल्याने पाणी आणून माझ्या ताट्यांवर शिंपडलं. ते बघता बघता सुकलं. मग काहीच नसण्यापेक्षा नुसता पंखा बरा, असं समजून त्यांनी मला सुरू केलं आणि समोर आडवे झाले. इथेच घात झाला. पाण्याविना कूलर म्हणजे निव्वळ लू, उन्हाची गरम झळ. मला ते कळत होतं, पण स्वतःचं बटण स्वतः बंद करणं आमच्या नशिबी नाही. ज्यांनी मला घडवून घेतलं, त्यांच्याच अंगावर मी दुपारभर आग ओकत राहिलो. मध्येच त्यांनी "देवकी" अशी हाक मारली.

संध्याकाळी जितेंद्र आला तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. जितेंद्रने पाइप आणून माझ्यात पाणी सोडलं. टाकी काठोकाठ भरली, वाहू लागली, गॅलरीत पाणी साचलं, तरी तो पाइप धरून उभाच होता. आत कुणीतरी म्हणालं, "बरं थंड वाटून राह्यलं इथं."

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात, म्हणून हात जोडून सांगतो. आजोबांनी पाणी मागितलं की तेव्हाच उठा. उशिरा भरलेलं पाणी सांत्वनाला आलेल्यांच्या कामी येतं.