ताईचं नाक आणि विमेवाल्याचं यंत्र

डोंगरापलीकडच्या अणुभट्टीत काहीतरी फुटलं आणि इकडे गल्लीतल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. नेमकं काय फुटलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येकालाच ते सविस्तर सांगता येत होतं. सरकारने आधी टीव्हीवरून आणि मग गाडीवर कर्णा बांधून सांगितलं की वारा उलट्या दिशेने वाहतोय, किरणोत्सर्ग इथवर आलेला नाही, घाबरू नका. खुद्द सरकार घरोघर फिरून घाबरू नका म्हणतंय म्हटल्यावर जे घाबरायचे राहिले होते तेही घाबरले. खिडक्या बंद झाल्या. औषधाच्या दुकानातल्या आयोडीनच्या गोळ्या संपल्या, मग आयोडीनचं मीठ संपलं, मग साधं मीठ संपलं. शिंपीणबाईंनी दोरीवरचे कपडे ओलेच ओढून कपाटात कोंबले आणि पुढे आठवडाभर त्यांचं घरदार कुबट वास मारत हिंडत होतं.

कोपऱ्यावरच्या डेअरीत मात्र रांग तशीच लागत होती, कारण तिथे ताई बसायची.

डेअरी ताईची आणि तिच्या धाकट्या भावाची. गवळी कॅन आणून टाकायचे, भाऊ ते उचलायचा, माप घालायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. ताई वास घ्यायची. ऐकायला हे काम किरकोळ वाटेल, पण वडिलांपासून दुकानाचा नियमच होता: ताईने वास घेतल्याशिवाय कॅनमध्ये माप जायचं नाही. झाकण उघडलं की ताई पुढे वाकणार, नाक कॅनच्या तोंडाशी नेणार, डोळे मिटणार आणि थोड्या वेळाने म्हणणार, ‘‘चांगलं आहे.’’ ती जेवायला गेली तर तेवढा वेळ झाकणं बंद. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ताटकळायचं.

त्या दिवसांत ताईच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती तिने भावाला कळू दिली नव्हती. हल्ली जिना चढताना तिला धाप लागायची. अणुभट्टीच्या भानगडीच्या थोडं आधी ती ‘मैत्रिणीकडे जाऊन येते’ अशी थाप मारून शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाऊन आली होती. तिथे दंडात कसलंसं इंजेक्शन देऊन तिला एका भल्यामोठ्या यंत्राखाली झोपवलं आणि हृदयाचे फोटो काढले. डॉक्टर बरंच काही समजावून सांगत होते, पण भावाने मैत्रिणीची चौकशी केली तर काय सांगायचं या विवंचनेत ताईने निम्मंच ऐकलं. डोक्यात राहिलं एवढंच की पाणी भरपूर प्यायचं आणि रिपोर्ट न्यायला पुन्हा यायचं.

लपवायला कारणही तसंच होतं. वडील याच दुकानात, याच बाकावर छातीला हात लावून गेले. तेव्हापासून भावाने धसका घेतला होता. ताईला एकदा साधी शिंक आली तर त्याने तिला आठवडाभर अंथरुणात डांबलं आणि बाकावर आपल्या बायकोला बसवलं. भावजय गुणी होती, पण नासलेलं दूध तिला त्याचं दही झाल्यावर कळायचं. हृदयाचं कळलं असतं तर ताईची बाकावरून कायमची उचलबांगडी झाली असती. आणि बाकाशिवाय ताई म्हणजे काय, हे खुद्द ताईलाही सांगता आलं नसतं.

अशात विमेवाल्याने यंत्र आणलं. हा गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. एरवी लोकांना मरणाची आठवण करून देणं हाच त्याचा धंदा, आता तर त्याला हुरूपच आला होता. साबणाच्या पेटीएवढं ते यंत्र किरण दिसले की टिकटिक करायचं. ते त्याने घराघरांतल्या पिठाच्या डब्यांवर, नळाखाली, शिंपीणबाईंच्या कपाटात धरलं. यंत्र गप्प. लोकांचा चक्क हिरमोड झाला. मग तो डेअरीत आला. भावाने झाकण उघडलं, ताई नेहमीप्रमाणे वाकली, विमेवाल्याने तिच्या नाकाशेजारी यंत्र नेलं, आणि यंत्राने असा काही ताल धरला की रांग दोन पावलं मागे सरली.

दुसरा कॅन उघडला. ताई वाकली. पुन्हा टिकटिक. दुपारी ताई जेवायला गेलेली असताना विमेवाला परत आला, तेव्हा झाकणं बंद होती आणि यंत्र चिडीचूप. त्यावरून त्याने शोध लावला की झाकणाने किरण अडतात, म्हणजे दूध बंद असेपर्यंतच निर्धोक. ‘मग प्यायचं कसं?’ असं कुणीतरी विचारलं, तर तो म्हणाला की त्यावर मंडळ विचार करतंय.

भावाने दूध सरकारी प्रयोगशाळेत पाठवलं. तिथून ते निर्मळ असल्याचा निरोप आला, पण निरोप सरकारी, म्हणून कुणी जमेस धरला नाही. रांग आटली. उद्यापासून दूध आणायचं की नाही, असं गवळीही विचारू लागले. भाऊ रात्रंदिवस एकच म्हणत होता, वडिलांनी उभं केलेलं दुकान माझ्या हातून बुडालं. ताई त्याची समजूत काढायची आणि शेजारी बसून पाणी प्यायची. भरपूर.

एके सकाळी ती दुकानाकडे निघाली, तर विमेवाला आपल्या पायरीवर यंत्र मांडीत घेऊन पेपर वाचत बसला होता. ती जवळून गेली आणि यंत्र वाजलं. ती थबकली, तसं ते आणखी जोरात वाजलं. विमेवाल्याने पेपरातून मान वर न काढता सांगितलं की तिच्या लुगड्यात दूध मुरलंय. लुगडं कालच धुतलेलं होतं. ताई तिथेच उभी राहिली आणि डॉक्टरांचं ऐकलेलं-न ऐकलेलं सगळं बोलणं तिच्या कानात परत आलं: औषध थोडं किरणोत्सारी असतं, त्याने धोका नाही, काही दिवस अंगात राहील, मग आपोआप उतरेल. आपण काही बोललो नाही, तरी हे आपोआप उतरणार होतं. थोडे दिवस गप्प बसलं की झालं, असा चोरटा विचारही तिच्या मनात येऊन गेला. येऊ नये असं काही नव्हतं, माणूसच ती.

पण दुकानापाशी पोचली तर भाऊ गटारापाशी उकिडवा बसला होता. मापातून सांडलेला थेंबसुद्धा बोटाने पुसून चाटणारा तिचा भाऊ कॅन आडवा धरून दूध ओतून देत होता. पांढरी धार काळ्या पाण्यात जात होती आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता. उरलेली चार-दोन गिऱ्हाइकं भिंतीला टेकून हळहळत होती. ताईला ते बघवेना.

तिने विमेवाल्याला यंत्रासकट बोलावून घेतलं. स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे, शिंप्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि भावाला म्हणाली, कॅन उघड. भावाने तिच्याकडे पाहिलं. ती नसताना झाकण काढायचं म्हणजे त्याला वडिलांची आज्ञा मोडल्यासारखं झालं. तरी त्याने ते काढलं. विमेवाल्याने यंत्र कॅनच्या तोंडावर धरलं, हलवलं, थापटलं. यंत्र गप्प. मग ताई रस्ता ओलांडून आली, बाकावर बसली, आणि यंत्र टिकटिकायला लागलं.

‘‘दूध नाही रे वाजत,’’ ताई म्हणाली. ‘‘मी वाजतेय.’’

आणि मग तिने सगळं सांगितलं. जिना, धाप, मैत्रिणीची थाप, इंजेक्शन. रिपोर्ट अजून आणायचाय, तेही सांगितलं. गिऱ्हाइकं जी मागे सरली ती पार रस्त्यापर्यंत. विमेवाला सगळ्यांत मागे होता. भावजय दारातून ‘‘अहो वन्सं’’ एवढंच म्हणाली.

भावाचा चेहरा वडील गेले त्या दिवशीसारखा झाला होता. आता हा मला हाताला धरून उठवणार, ताईला वाटलं. तो आला तो तिच्या शेजारी बाकावर बसला, अगदी खांद्याला खांदा लावून. लांबून विमेवाल्याने त्याला सावध केलं की यंत्र अजून वाजतंय.

‘‘वाजू दे,’’ भाऊ म्हणाला. मग हळूच तिला म्हणाला, ‘‘रिपोर्ट आणायला मी येणार. मैत्रिणीला सांग.’’

त्याने उघडा कॅन ओढून तिच्या पुढ्यात ठेवला आणि माप हातात घेऊन थांबला. ताई वाकली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिचं नाक पार चोंदलं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला दुधाचा कसलाही वास आला नाही.

‘‘चांगलं आहे,’’ तिने ठोकून दिलं, आणि त्याने माप आत घातलं.