दोन तुकड्यांमधली शांतता

खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक हेडफोन, बोटाला लावायची नाडी मोजणारी चिमटी आणि छताला एक खरखरणारा पंखा. माणसं चार: बिभीषण, त्याची बायको शीला, तिच्या कडेवर पाच महिन्यांची संस्कृती आणि मी.

बिभीषण मुलीला घेत नव्हता. वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर त्याच्या शेजारी काम करणाऱ्या बन्सीचा हात यंत्रात सापडला, तेव्हापासून तो कशानंही दचकायचा आणि दचकला की हातातलं सुटायचं. आधी चहाचा कप, मग मोबाइल.

"पोरगी सुटली तर?" एवढंच तो म्हणायचा.

गारखेड्यातल्या आमच्या केंद्रात संगीत ऐकवून शरीराचा ताण उतरवायची पद्धत आहे. तंबोरा, सारंगी, संथ आलाप. टोकदार स्वर मवाळ केलेले. दोन तुकड्यांमध्ये अर्धं मिनिट शांतता. तेवढ्यात नाडी आणखी उतरेल, अशी माझी समजूत होती.

आलापात त्याची नाडी ९० वरून ८४ वर आली आणि शांतता सुरू होताच ११८ झाली. दुसऱ्या शांततेतही तेच. चिमटी सैल बसली असेल म्हणून मी बोट बदललं. तिसऱ्यांदा ११६.

मी त्याला हेडफोन काढायला सांगितला. "आत्ता काय झालं?"

"काय नाय. गाणं थांबलं."

"ह्यांचं असंच, मॅडम," शीला म्हणाली. "घरात मी गप बसले तरी उठून बघतात. म्हणून दिवसभर बडबडते."

"झोपंत बी बडबडती," बिभीषण म्हणाला. "त्याला काय कारण?"

"ते लग्नाच्या आधीपासून हाय."

तो हसला. मग त्याचं हसू उतरलं. "प्रेस चालू आसली की लई आवाज, मॅडम. कान बधिर व्हतात. त्यादिशी एकदम सगळी लाइन बंद पडली. मी मान वळवली, तवा बन्सी..." त्यानं हेडफोन मांडीवर ठेवला. "आवाज थांबला म्हंजी काहीतरी झालं."

पुढच्या वेळेपासून मी मधली शांतता काढून टाकली. तंबोरा अखंड ठेवला आणि आवाजाचं बटण त्याच्या हातात दिलं. कमी करायचा तो त्यानंच, हवा तेव्हा. पहिल्यांदा त्यानं बटणाला हातही लावला नाही. नंतर पंख्याची खरखर ऐकू येईपर्यंत फिरवायचा आणि लगेच वाढवायचा. हळूहळू तंबोरा पूर्ण बंद करून तो नुसत्या पंख्याखाली बसू लागला.

एका सोमवारी त्यानं हेडफोन काढून बाजूला ठेवला.

"दे तिला."

शीलानं माझ्याकडे पाहिलं. मग झोपलेली संस्कृती त्याच्या मांडीवर दिली, पण स्वतःचा हात खालून काढला नाही.

"हात काढ."

तिनं काढला.

"आता पंखा बंद कर."

"अहो, पोरगी मांडीवर हाय."

"म्हणून तर."

शीला पंख्याच्या बटणापाशी जाऊन थांबली. "मी बोलत राहू का?"

"नको. गप बस."

तिनं बटण दाबलं. पाती फिरत राहिली, मंदावली. खरखर संपली. बिभीषणचे दोन्ही हात मुलीभोवती होते. मी चिमटीवरचा आकडा पाहिला.

नाडी ८२. एका मिनिटानं ७९.