दोन ठिपके, तीन ठिपके

"उघडल्याशिवाय मी हे गाडीत जाऊ देणार नाही," बाबा म्हणाले आणि भंगारवाल्याकडून आलेल्या इंजिनासमोर स्टूल ओढून बसले. बसले ते नेमके वाटेत. त्यांना ओलांडून जायची आमच्या गॅरेजात कोणाची छाती नव्हती. गेली चार वर्षं सगळा कारभार माझ्याकडे होता, तरी माझीही नव्हती.

गाडी एका नर्सबाईंची होती. रेडिएटरची नळी फुटलेली, काटा तांबड्यात गेलेला, आणि ड्यूटी चुकेल म्हणून बाईंनी गाडी तशीच दामटली. इंजिन तापून जाम झालं. आता दोनच रस्ते होते. एक म्हणजे तेच इंजिन खोलून नव्याने बांधायचं. त्याला पंधरा दिवस तरी लागणार, कारण इंजिनाचे भाग घासून देणारा आमचा भरवशाचा लेथवाला धंदा बंद करून मुलाकडे राहायला गेला होता आणि नवा लेथवाला तारखांवर तारखा देणारा. दुसरा रस्ता म्हणजे त्याच मॉडेलचं जुनं, चालू इंजिन आणून बसवायचं. तीन दिवसांत काम संपतं. सिस्टरच्या आईला दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागे, त्यामुळे त्यांना सोमवारी गाडी हवी होती. मी जुनं इंजिन मागवून मोकळी झाले.

बाबांना हे पटणार नाही हे मला माहीत होतंच. "जुनं इंजिन घेणं म्हणजे दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेणं," हे वाक्य मी दुधाच्या दातांपासून ऐकत आलेय. बाबा इंजिन बांधणारे मिस्त्री. चाळीस वर्षांत शेकड्यांनी इंजिनं बांधली असतील. "माझ्या हातचं इंजिन परत येत नाही," असं ते म्हणायचे, आणि टॅक्सीस्टँडवर चार लोक त्याची ग्वाही द्यायचे. एकच इंजिन परत आलं होतं, सहा वर्षांपूर्वी, आणि ते ड्रायव्हरच्या चुकीने. त्यावर बाबांनी केलेली कोटी अजून स्टँडवर चालते: मिस्त्रीचं इंजिन परत येत नाही, परत येतो तो ड्रायव्हर.

तो ड्रायव्हर म्हणजे सावकाश. खरं नाव काहीतरी होतं, पण तो इतकी हळू गाडी चालवायचा की सगळे त्याला सावकाशच म्हणत. घाई असलेलं गिऱ्हाईक त्याच्या टॅक्सीत बसतच नसे. म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि काचेची कपाटं नेणारे, एवढेच त्याचे. असा माणूस इंजिन जाळतो हे तेव्हासुद्धा मला जरा विचित्रच वाटलं होतं. पण बाबा म्हणाले म्हटल्यावर प्रश्न नव्हता.

"अर्धा तास देते तुम्हाला," मी म्हटलं. "खालचं ऑईलचं चेंबर खोला, बघा, समाधान करून घ्या. मग मी बसवणार."

"तुला दाखवतोच आज," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते खुशीत होते, हे मला आजही आठवतं आणि नकोसं होतं. बाह्या वर सारल्या, पाने ओळीने मांडले. इंजिनाला भंगारवाल्याने चंदेरी रंग फासला होता. त्यावर बोट फिरवून बाबा म्हणाले, म्हातारीला पावडर लावून आणलीय. मग ऑईल मोजायची पट्टी उपसून त्यांनी बाजूला ठेवली. पट्टीची कडी तुटलेली होती आणि तिच्या जागी कुणीतरी निळी वायर गुंडाळून मूठ केली होती. मी ती बघितली आणि विसरले. इंजिन आम्ही दोघांनी मिळून उलटं केलं. तेवढ्यात सिस्टरचा फोन आला म्हणून मी दाराशी गेले.

फोनवर मी सोमवार नक्की सांगत होते. मागे पाना फिरल्याचा आवाज येत होता, बोल्ट एकेक करून डब्यात पडत होते. मग चेंबर निघाल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. बाबा काम करताना बोलतात. बोल्टशी बोलतात, पान्याशी भांडतात, क्रँकला 'ये बाई' म्हणतात. ते गप्प झाले की समजावं, काहीतरी बिनसलंय.

मी गेले तर ते स्टुलावर तसेच बसलेले. हातात बॅटरी होती आणि तिचा उजेड इंजिनाच्या पोटात एकाच जागी पडलेला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पिस्टनचा दांडा, म्हणजे रॉड, खाली फिरणाऱ्या क्रँकला धरतो तो दोन तुकड्यांनी. वरचा अर्धा गोल रॉडचा आणि खालचा अर्धा त्याच्या कॅपचा. दोन्ही एकत्र जोडून घासलेले असतात, त्यामुळे ही कॅप त्या रॉडला चालत नाही. "लग्नाची जोडी आहे," बाबा मला शिकवताना म्हणाले होते, "अदलाबदल केलीस की संसार मोडला." म्हणून खोलण्याआधी खूण करायची. पहिल्या रॉडवर आणि त्याच्या कॅपवर पंचने एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. हे सगळेच मिस्त्री करतात. पण बाबा ठिपक्यांखाली एक तिरकी रेघ मारायचे. ती त्यांची सही. असली सही त्यांच्याखेरीज कुणीच करत नाही.

बॅटरीच्या उजेडात मला ती तिरकी रेघ दिसली. आधी बरंच वाटलं. म्हटलं, बघा, तुमच्याच हातचं इंजिन मिळालं, आता तरी हरकत नाही ना. बाबांनी नुसतं बोट ठेवलं. रॉडवर दोन ठिपके होते. त्याच्या कॅपवर तीन होते. शेजारच्या रॉडवर तीन, आणि कॅपवर दोन.

मग मला निळी वायर आठवली.

सावकाश रोज सकाळी स्टँडवर बॉनेट उघडायचा, ती निळ्या मुठीची पट्टी काढायचा, खिशातल्या फडक्याने पुसायचा, परत आत घालून काढायचा आणि उजेडात धरून बघायचा. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. म्हणायचे, बायकोची नाडी बघतोस का रे. मी हे कितीदा पाहिलं असेल. पट्टीवरची वायर हाताने गुळगुळीत झाली होती, एका बाजूने तर तिचा निळा रंगच उडाला होता. आणि या माणसाला आम्ही सांगितलं होतं की, तू ऑईल बघितलं नाहीस.

सावकाशचं ते इंजिन बाबा बांधत होते तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे, कारण त्या दुपारी मी दवाखान्यातून त्यांना फोन केला होता. आईचं बरं दिसत नाहीये, या, एवढंच म्हटलं. ते हातातल्या कॅपा तशाच ठेवून आले. आई संध्याकाळी गेली. तिसऱ्या दिवशी बाबा गॅरेजात जाऊन बसले. मी म्हटलं, थांबा थोडे दिवस. म्हणाले, त्याची टॅक्सी अडलीय, त्याचं पोट आहे. आणि इंजिन पुरं करून दिलं.

दोन महिन्यांनी सावकाश परत आला. इंजिनात ठोका येत होता, ऑईल कमी पडलं की येतो तसा. बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं, ऐकलं. "ऑईल न बघता पळवलीस," म्हणाले. सावकाश म्हणाला, मिस्त्री, मी रोज बघतो, तुम्ही एकदा उघडून बघा. दोनदा म्हणाला. गॅरेजात तेव्हा आणखी चार ड्रायव्हर उभे होते. बाबांनी हात पुसले आणि ती कोटी केली, परत येतो तो ड्रायव्हर. सगळे हसले. मीही हसले असेन. सावकाशने गाडी सुरू केली आणि नेहमीसारखी हळू बाहेर काढली. उघडल्याशिवाय बोलायचं नाही हा ज्यांचा नियम, त्यांनी तेवढं एकच इंजिन उघडलं नाही.

"फोन मी केला होता," मी म्हटलं. "मी फोन केला नसता तर..."

"फोनचं काय घेऊन बसलीस?" बाबा म्हणाले. "ते तर कुणाच्याही हातून झालं असतं. तो परत आला तेव्हा फोन नव्हता आलेला. तेव्हा मी चांगला शुद्धीत होतो."

मी जे पुढे बोलले त्याची मला लाज वाटते, पण बोलले. म्हटलं, चेंबर परत लावू, भंगारवाल्याला सांगू बेअरिंग गेलंय, बदलून दे. आपल्या दोघांशिवाय कुणाला कळायचं कारण नाही. हे झाकणं मला सोपं वाटलं असंही नाही. बाबांकडे त्या वाक्याशिवाय उरलं होतं तरी काय? आई नव्हती, बोटांतला जोर गेला होता, गिऱ्हाईकं माझ्याकडे बघून बोलत. आपल्या हातचं इंजिन परत येत नाही, हीच त्यांची चाळीस वर्षांची कमाई होती.

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते उठले, पट्टी उचलली, फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "सिस्टरना फोन कर. सोमवार जमणार नाही म्हण. त्यांचंच इंजिन बांध, तोवर आपली गाडी दे त्यांना वापरायला."

"आणि तुम्ही?"

"मी नाही हात लावणार. तू बांध. खुणा तूच मार." नळाखाली हात धुताना पुढे म्हणाले, "सावकाश कुठे असतो विचार जरा स्टँडवर."

स्टँडवर विचारलं तेव्हा कळलं की, टॅक्सी त्याने त्याच वर्षी भंगारात घातली. आता तो एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगवर असतो, गाड्या अडवायची दांडी वरखाली करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. गाडीत बाबा फडक्यातली पट्टी मांडीवर आडवी धरून बसले होते.

सावकाश दांडीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. गणवेशाचा शर्ट खांद्यांवरून उतरत होता. आम्हाला बघून उठला, सवयीने हसला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही इकडे कुठे? गाडी आत लावा, पावती नको."

बाबा त्याला कायम अरे-तुरे करत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "अहो, गाडी लावायला नाही आलो. तुमचं इंजिन उघडलं काल." आणि मग सगळं सांगितलं. दोन ठिपके, तीन ठिपके, कुठल्या रॉडवर कुठली कॅप. मिस्त्री मिस्त्रीला सांगतो तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत त्यांना ते आलं नसतं. आईचा त्यात उल्लेखही केला नाही. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती. तुमची कधीच नव्हती. मी उद्या स्टँडवर जाऊन सगळ्यांसमोर सांगतो."

मध्ये एक गाडी आली. सावकाशने दांडी वर केली, गाडी गेली, दांडी खाली आणली. मग तो म्हणाला, "स्टँडवर कुणाला सांगणार आता? तेव्हाचे चौघेच उरलेत." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "नंतर दुसऱ्यांच्या गाड्या मागून बघितल्या चालवायला. मालक म्हणायचे, इंजिन जाळणारा तो तूच ना? नाही दिली कुणी."

बाबा मान खाली घालून उभे होते.

"त्याचंही काही नाही," सावकाश म्हणाला. "पण आमच्या हिलासुद्धा खरं नाही वाटलं. मी शपथेवर सांगायचो, रोज बघत होतो. ती म्हणायची, मिस्त्री कशाला खोटं बोलेल? तुमचंच एखाद्या दिवशी राहिलं असेल बघायचं. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, माझंच चुकलं." मग म्हणाला, "मागच्या वर्षी गेली. मिस्त्री, एक वर्ष आधी उघडायला हवं होतं हो."

बाबांनी फडकं सोडून पट्टी पुढे केली. एवढंच द्यायला होतं त्यांच्याकडे.

सावकाशने पट्टी हातात घेतली. निळी वायर ओळखली. अंगठा बरोबर त्या रंग उडालेल्या जागी बसला. मग त्याने खिशातून रुमाल काढला, पट्टी वरून खालपर्यंत पुसली आणि टोक उजेडात धरून नीट बघितलं, रोज सकाळी बघायचा तसं. बराच वेळ बघत होता. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. पहिलीने हॉर्न दिला, मग दुसरीनेही दिला.

त्याचं लक्षच नव्हतं. शेवटी बाबाच पुढे झाले आणि दांडी वर करून धरली.