जौरासीचा थांबा

"काका, गाडी स्लो का करताय?" मागून राजलक्ष्मीचा आवाज आला.

"जौरासी आली ना बेटा. इथं पाच मिनिटं थांबू. इथून ईसीजीची पट्टी नक्की जाते."

"आता थांबायचं नाही. चालू द्या."

जगदेवराव सुर्व्यांनी आरशात पाहिले. रुग्णवाहिकेत मागे डबरा गावचे निवृत्त मास्तर गोपाळकृष्ण मुळे झोपलेले होते. छातीवर तारा चिकटवलेल्या, कपाळावर घाम. त्यांच्या पत्नी मंदाताई पायाशी बसून पांघरुणाची कड घट्ट धरून होत्या. राजलक्ष्मी, सव्वीस वर्षांची तंत्रज्ञ, पट्टी आपोआप रुग्णालयात पाठवणाऱ्या नव्या डब्याच्या काचेकडे बघत होती.

जगदेवरावांचा पाय ब्रेकवरच होता.

शहरातल्या पडाव भागातल्या ज्या धर्मादाय रुग्णालयात ते एकवीस वर्षे गाडी चालवत होते, ते मागच्या वर्षी लष्कर भागातल्या आणि डबऱ्यातल्या दोन रुग्णालयांत मिसळले. तिन्हींचा मिळून एक ट्रस्ट झाला. गाड्यांचे नंबर बदलले, खाकी जाऊन निळे शर्ट आले, पाळ्या नव्याने लागल्या. जगदेवरावांनी ते सगळे निमूट घेतले. त्यांचे पूर्वज दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आले होते. हुकूम बदलला की तळ हलवायचा, हे घरात कुणाला वेगळे शिकवावे लागले नव्हते. पण जौरासीचा थांबा त्यांचा स्वतःचा होता.

पूर्वी गाडीत तंत्रज्ञ क्वचितच असे. नर्स ईसीजीची पट्टी काढायची, जगदेवराव आपल्या फोनने तिचा फोटो घ्यायचे आणि रुग्णालयाच्या इंटरनेटवरच्या पानावर चढवायचे. चालत्या गाडीत तो फोटो साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जायचा आणि घाटीत सिग्नल गेला की मेला. मग पुन्हा पहिल्यापासून. तसे दोन-तीनदा पोळल्यावर त्यांनी सगळ्या रस्त्यावर फोन हातात धरून पाहिले, आणि जौरासीच्या मंदिराअलीकडे एका कठड्यापाशी सिग्नल कधीच हलत नाही हे शोधून काढले. तिथे गाडी उभी करायची, फोटो गेला की निघायचे. नवे ड्रायव्हर आले की डॉक्टर म्हणत, "जगदेवरावांना विचारा कुठं थांबायचं ते." सोबतचे त्यांना टॉवरवाले काका म्हणत. ते नाव त्यांना आवडत असे.

"बेटा, घाटी पुढं आहे. तिथं तुटलं तर?"

"नाही तुटणार काका. सच में. ट्रेनिंगमध्ये दाखवलंय मला."

"ट्रेनिंग हॉलमध्ये घाटी होती का?"

कठडा दिसू लागला होता. मास्तरांनी कण्हल्यासारखा आवाज केला आणि मंदाताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला ठीक वाटेल तसं करा. पण लवकर पोचवा."

तंत्रज्ञ तरुण होती, बाई घाबरलेल्या होत्या आणि रस्ता जगदेवरावांचा होता. त्यांना एकदम जाणवले की आपण थांबलो तर कुणीही आपल्याला बोल लावणार नाही. पाच मिनिटे गेली तरी ती रीतसरच गेली असे धरले जाईल. बोल लागेल तो न थांबता तुटले तर.

पण ती पाच मिनिटे मास्तरांची होती. त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला.

कठडा डाव्या हाताने मागे गेला. घाटीच्या उतारावर गाडी वळणे घेऊ लागली तसे त्यांचे कान मागच्या आवाजाकडे लागले. डब्यातून एक बारीक टिक ऐकू आली.

"काय झालं?"

"एक कंपनी गेली, दुसरीवर आलं. दोन सिमं आहेत ना आत." राजलक्ष्मीचा आवाज तसाच सपाट होता. "पट्टी चालूच आहे."

पुढच्या वळणावर डब्यातूनच एक पुरुषी आवाज आला. पडावला बसलेले हृदयाचे डॉक्टर बोलत होते. "दिसतंय मला. हृदयाचा दौरा मोठा आहे, पण वेळेत आहात. गोळी चावायला द्या, ऑक्सिजन बघा. इथं तपासणीत थांबवू नका, सरळ वर आणा. आम्ही तयार आहोत."

मंदाताईंनी पहिल्यांदाच पांघरुणाची कड सोडली. "ते आत्ता बघतायत यांना?"

"हो काकू. आत्ता, या क्षणाला," राजलक्ष्मी म्हणाली.

सिथौली मागे पडली. जगदेवराव पुढचे ट्रक ओलांडत राहिले. रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर घेऊन दोघे उभेच होते. मास्तर वर गेले आणि तासाभराने निरोप आला की बंद झालेली नळी उघडली, धोका टळला. मंदाताई खाली आल्या आणि जगदेवरावांसमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही चहा घेतलात का?" एवढेच त्यांनी विचारले.

चहा त्यांनी राजलक्ष्मीबरोबर घेतला, फाटकाबाहेरच्या टपरीवर.

"मला समजेल असं सांग," ते म्हणाले. "आधी तुटायचं, आता का नाही तुटत?"

राजलक्ष्मीने जरा विचार केला. "आधी काय होतं काका, समोरचा कॉम्प्युटर आपल्याला पत्त्यावरून ओळखायचा. सिग्नल बदलला की पत्ता बदलला. मग तो म्हणणार, आप कौन? पुन्हा नमस्कार, पुन्हा ओळख, पुन्हा पहिल्यापासून. आता बातचीत सुरू होतानाच एक क्रमांक ठरतो. तुम्ही कुठूनही बोला, तो क्रमांक दाखवला की समोरचा ओळखतो. बात आगे चालू."

"आणि घाटीत जे मध्येच गळलं असेल ते?"

"जेवढं गळलं तेवढंच पुन्हा मागवतो. त्याच्यासाठी बाकीचं खोळंबत नाही. शिवाय सगळं पहिल्यापासून कुलूपबंद. मधे कुणी पकडलं तरी त्याला वाचता येत नाही. पूर्वीचं आपलं पान म्हणजे नुसतं पोस्टकार्ड होतं."

जगदेवरावांनी मान डोलावली. मग ग्लास संपवून खाली ठेवला.

"वाईट वाटलं का काका?" तिने विचारले.

"थोडं. मतलब, आता ती जागा कुणी विचारणार नाही." मग ते हसले. "पण किती सोपं गेलं आज. कित्येक वर्षांत प्रथमच मी फक्त गाडी चालवली."

आठवडाभराने ट्रस्टचा कागद आला. नव्या व्यवस्थेत रुग्णाची माहिती कुणाच्याही खाजगी फोनवर राहता कामा नये; जुने फोटो असतील ते पुसून टाकावेत आणि तसे सही करून द्यावे.

"एकदम सगळे सिलेक्ट होतात काका. द्या, दोन मिनिटांत करते," राजलक्ष्मी म्हणाली.

"राहू दे. घरी करतो."

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ते नई सडकेमागच्या आपल्या घरात खिडकीपाशी फोन घेऊन बसले. चारशेच्या वर फोटो होते. गुलाबी चौकटींच्या कागदावर काळी वेडीवाकडी रेघ आणि कोपऱ्यात नर्सच्या अक्षरात नाव, वय, गाव. जगदेवराव नाव मोठ्याने वाचत, मग पुसत. काहींचे चेहरे आठवत, बहुतेकांचे नाही. त्यांतले कोण घरी परतले आणि कोण नाही, हेही त्यांना सगळ्यांचे ठाऊक नव्हते. फाटकातून स्ट्रेचर आत गेले की त्यांचे काम संपत असे.

"कुणाशी बोलताय?" त्यांच्या पत्नी विजयाबाईंनी आतून विचारले.

"कुणाशी नाही."

त्या हात पुसत बाहेर आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांना काय चालले आहे ते कळले. त्या शेजारी बसल्या. "डोळ्यांना त्रास होईल. द्या, मी वाचते. तुम्ही पुसा."

मग त्या वाचू लागल्या. रामकली, बावन्न, बिलौआ. हाजी साहेब, एकाहत्तर, आंतरी. प्रत्येक नावानंतर जगदेवरावांचा अंगठा पडद्यावर टेकत होता. उन्हाचा पट्टा खिडकीवरून फरशीवर उतरला. मधेच विजयाबाईंनी उठून पाणी आणले, आणि पुन्हा बसल्या.

एका फोटोशी त्या अडल्या. "याच्यावर नावच नाही."

जगदेवरावांनी चष्मा लावून पाहिले. "सिथौलीजवळ रस्त्यावर पडलेले मिळाले होते. कुणी ओळखीचं नव्हतं. हिरवा स्वेटर होता अंगात. मला म्हणाले, भैया, खिडकी जरा खोल दो."

"मग काय वाचू?"

"सिथौलीचे गृहस्थ, असं वाच."

विजयाबाईंनी तसे वाचले. जगदेवरावांनी तो फोटो पुसला, आणि त्या पुढचे नाव वाचू लागल्या.