फुकटचा पाइप

थू! त्या शरणबसवअण्णाचं नाव काढलं तरी माझं तोंड कडू होतंय.

त्याची पिकअप चार वर्षं मीच चालवत होतो. उजनीकाठची केळी भरायची, सोलापूरच्या मार्केटात आणून टाकायची. उन्हाळ्यात कंपनीचं पत्र आलं. ह्या मॉडेलचा मागच्या ब्रेकचा पाइप घासून फुटतोय, गाडी वर्कशॉपला आणा, नवा बसवून देतो. फुकट! वर अण्णाच्या मोबाइलवर तीनदा मेसेज.

पण अण्णा गाडी न्यायलाच तयार न्हाय. का, तर मागं स्प्रिंगचे दोन जादा पाटे टाकलेत. हितं सगळेच टाकतात. दीड टनाच्या गाडीत तीन टन माल बसवायचा म्हणजे पाटे वाढवायचे. वर्कशॉपवाले म्हणणार, आधी हे काढा. काढले की एका फेरीच्या दोन फेऱ्या. आणि त्या पाट्यांमुळंच पाइप जास्त घासत होता, आता बोला!

"अण्णा, माणूस मरंल की."

"तम्मा," कानडीत मला धाकटा भाऊ म्हणायचा, "पाय दोनदा दाबायचा. लागतोय ब्रेक."

एवढं बोलून ह्या माणसानं गाडीला ताजं लिंबू-मिरची बांधलं. शिसारी आली मला.

मग एक दिवस मोहोळच्या अलीकडं शाळेच्या पोरी रस्ता ओलांडत होत्या. ब्रेक दाबला, तर पायडल सरळ तळाला. चारदा दाबला, काय न्हाय. गिअर पाडत, हँडब्रेक ओढत गाडी कडेच्या चारीत घातली. पोरी वाचल्या. वाकून बघतो तर मागचं चाक ब्रेक ऑइलनं ओलं. अण्णाला फोन लावला, तर पहिला प्रश्न काय? "केळी दबली का रं?"

त्याच संध्याकाळी किल्ली त्याच्या टेबलावर आपटली आणि काम सोडलं. अण्णानं फुटक्या जागी जोड मारून घेतला, झाली म्हणे गाडी दुरुस्त.

तिसऱ्या दिवशी धाकटी बहीण बुद्धप्रिया पेढे घेऊन दारात. "दादा, ह्यांना काम लागलं! शरणबसवअण्णाच्या पिकअपवर." तिचा नवरा सिद्धांत सहा महिने घरी बसून होता. त्याला गाडी शिकवली कुणी? मीच.

पेढा तसाच खाली ठेवला. पाइप, पाटे, पोरी, सगळं सांगितलं. बुद्धप्रियाचं तोंड उतरलं. "तू सोडलेलं काम ह्यांना मिळालं, तर जळायला लागलास व्हय?"

वर्कशॉपला फोन केला, तर म्हणे मालकाला घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णापुढं जाऊन हात जोडले. माझेच हात, पण मलाच घाण वाटली त्यांची. "चुकलं अण्णा. गाडी मलाच द्या." अण्णा दात काढून हसला आणि माझ्यासमोरच सिद्धांतला फोन करून सांगितलं, येऊ नको.

आता त्या गाडीवर मीच असतो. चाळिसाच्या वर जात न्हाय. शाळा दिसली की घाम फुटतोय. त्या पोरींना काय तोंड दाखवू?

बुद्धप्रिया बोलत न्हाय माझ्याशी. सख्ख्या भावानं नवऱ्याच्या तोंडचा घास काढला, असं गल्लीभर सांगत फिरते. फिरू दे. नवरा धडधाकट घरी बसलाय, म्हणून भांडतीय.